सहा पिनांची केबल

घरात नवी वस्तू आली की माणसे ती आधी समोरून पाहतात; डोंबिवली पूर्वेच्या चित्राताई तांबे ती आधी पालथी घालतात. मिक्सर असो, भिंतीवरचे घड्याळ असो की गणपतीच्या मखराची दिव्यांची माळ, तिची पाठ पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. त्यांचे यजमान परशुराम या प्रकाराला "मागल्या दाराने चौकशी" म्हणतात. पहिल्यांदा मुलगी पाहायला गेलो तेव्हा हिने माझीही पाठ पाहूनच होकार दिला असणार, असे ते पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हसतात, चित्राताई हसत नाहीत, पण नाकारतही नाहीत.

या सवयीचे मूळ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होते. देवगडकडून लग्न होऊन आलेल्या चित्राताईंनी उमेदीची सारी वर्षे तिथल्या एका लहानशा कारखान्यात घालवली. मोठ्या यंत्रांच्या पोटात तारांच्या ज्या जुड्या असतात, त्या तिथे बांधल्या जात. लांबलचक बाकांवर ओळीने बायका बसत; प्रत्येकीपुढे चिमटा, सोल्डरचे रीळ, भिंतीला टांगलेले रेखाचित्र आणि हातातल्या प्लगची उघडी पाठ. प्लगचे तोंड, म्हणजे यंत्रात शिरणारी बाजू, पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येई. पुढे कारखाना बंद पडला, बायका पांगल्या, आणि चित्राताई घरी आल्या. तारा डाखायचे सोल्डरिंग आयर्न मात्र त्यांनी सोबत आणले.

त्या आयर्नची आठवण ठेवून मार्गशीर्षातल्या एका दुपारी सलिल त्यांच्या दारात आला. सलिल हा तिशीतला तरुण, जुन्या माणसांच्या तोंडच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जतन करणारा. ठाणे-कल्याणच्या परिसरातली गाणी, कामे, बाजार, सण यांविषयी त्याने शेकडो माणसांना बोलते केले होते. वागळे इस्टेटमधल्या कामगार बायकांवरच्या मुलाखतींत चित्राताईही होत्या. तेव्हापासून तो त्यांना काकू म्हणू लागला.

"काकू, एक केबल बनवून द्याल का?" चपला काढता काढताच त्याने विचारले.

"विकत मिळत नाही?"

"आमच्या संग्रहाचा खोका जिने बनवला, त्या कंपनीनेच ती केबल विकणं सोडलं. परदेशातून मागवली तर लग्न होऊन जाईल."

आतल्या खोलीतून परशुराम डोकावले. "अरे वा! कुणाचं लग्न? तुझं?"

"माझं असतं तर मी केबलची वाट बघत बसलो असतो का, काका!"

मग त्याने सारे सविस्तर सांगितले. त्याच्या संग्रहाचे सगळे ध्वनिमुद्रण एका मोठ्या साठवण-यंत्रात होते. ठाण्याच्या एका कार्यालयाने नवी व्यवस्था आणली तेव्हा जुने यंत्र संग्रहाला देऊन टाकले होते. टेबलाएवढ्या रुंदीचा तो लोखंडी खोका. पुढे डिस्कच्या खणांची रांग, मागे पंखे आणि तारांची भोके. प्रत्येक मुद्रण त्यात दोन डिस्कांवर उतरे, म्हणून सलिल निर्धास्त होता. दोन ठिकाणी असणे आणि एकाच खोक्यात दोनदा असणे, या दोहोंतला फरक त्याच्या ध्यानात आला तो खोका मुका झाल्यावर. संग्रहाची खोली बदलली, तारांची जुळणी बदलली, आणि नव्या जागी खोका सुरू झाला खरा, पण संगणकाला सापडेना. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता आणि पासवर्ड केदार नावाच्या स्वयंसेवकाने ठरवले होते. केदार आता जर्मनीत होता. फोनवर त्याने आठवतील तेवढे पासवर्ड सांगितले. एकही लागला नाही.

"मागे एक गोल भोक आहे," सलिल म्हणाला. "तिथे केबल लावली की खोक्याशी थेट बोलता येतं. आतल्या मुद्रणाला धक्का न लावता पासवर्ड बदलता येतो. नाहीतर ठाण्याचा तंत्रज्ञ म्हणतो, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू."

"म्हणजे माझी मुलाखतही जाणार."

"हो ना."

"जाऊ दे. मी अजून आहे की, परत विचार. लग्न कुणाचं, ते सांग."

लग्न तुळसाच्या घरचे होते. तुळसा म्हणजे डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या आगरी गावातली पंचेचाळिशीची बाई. तिची सासू हौसाबाई ही त्या पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे असते, त्याला धवला म्हणतात. आणि धवला गाणाऱ्या धवलारणीचा शब्द भटजीच्या शब्दाइतकाच मानला जातो. हौसाबाईने तुळसाला पुष्कळ शिकवले होते. पण सर्वांत लांब, मांडवातला धवला शिकवायचा राहिला, आणि गेल्या पावसाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने म्हातारीची जीभ जड झाली. आता ती चार शब्द बोलू शकत होती. गाऊ शकत नव्हती. तो धवला अख्खा असा एकाच जागी उरला होता: सलिलच्या खोक्यात.

दुसऱ्या दिवशी चित्राताई संग्रहाच्या खोलीवर गेल्या. पिठाच्या गिरणीवरच्या त्या दोन खोल्यांत जोंधळ्याच्या पिठाचा वास होता. कपाटाला टेकून तुळसा बसली होती. खोका नीट झाला का हे पाहायला ती जवळजवळ रोज येऊन जात असे.

"तुमी त्या केबलवाल्या ताई?" तिने विचारले.

"अजून नाही. केबल झाली की म्हण."

"करा पन लवकर. मना धवल्याची सुरवात येते न् शेवट येतो. मधला सगला येत नाय. आमच्या जावेच्या पोरीचं लगीन हाय. जाऊ बोलते, जमत नसंल त मांडवात डीजे लावू."

"अगं, धवल्याच्या जागी डीजे?"

"त काय! मंग सासूबाय मांडवात येनारच नाय. ती घरात तोंड फिरवून बसंल, न् मी बसंन तिच्या बाजूला."

हे तुळसा हसत हसत म्हणाली. पण म्हणून झाल्यावर कितीतरी वेळ ती खोक्याच्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिली. चित्राताईंनी ते पाहिले आणि मग त्या खोक्याच्या मागे जाऊन बसल्या. मागची बाजू हे त्यांचे माहेरच होते.

गोल भोक त्यांनी चष्मा वर सारून न्याहाळले. "अरे सलिल, हे तर जुन्या कीबोर्डचं भोक."

"मलाही तसंच वाटलं. कीबोर्ड लावून पाहिला. काही होत नाही."

"व्हायचंच नाही. भोक तेच, काम वेगळं."

इंटरनेटवरच्या कुठल्याशा चर्चेतून सलिलने एक रेखाचित्र छापून आणले होते. एका टोकाला सहा पिनांचा गोल प्लग, दुसऱ्या टोकाला संगणकाकडे जाणारा नऊ पिनांचा; मधून फक्त तीन तारा. एक बोलण्याची, एक ऐकण्याची, एक जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. चित्राताईंना हसू आले. दोनशे तारांच्या जुड्या बांधलेल्या बाईला तीन तारा म्हणजे हातचा मळ.

त्यांनी तोच जुना कीबोर्ड मागून घेतला आणि त्याची तार कापली. आत चारच तारा निघाल्या. कीबोर्डला चारच लागतात; बनवणाऱ्याने उरलेल्या दोन पिना नुसत्या शोभेला ठेवल्या होत्या, आणि खोक्याला नेमकी त्यांतलीच एक हवी होती. सलिल कापलेल्या कीबोर्डकडे हळहळून पाहू लागला.

"तुझ्या संग्रहात ठेव," चित्राताई म्हणाल्या. "खाली चिठ्ठी लाव: उतावळेपणाचा नमुना."

मग प्लगचा शोध सुरू झाला. डोंबिवलीत दोन दुकानदारांनी मान हलवली. तिसऱ्याने कल्याणच्या काळुरामकडे पाठवले. स्टेशनपासून आत, भांड्यांच्या गल्लीला लागून काळुरामचे सुट्या भागांचे दुकान होते. टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांची हाडे-कातडी तिथे डब्याडब्यांतून भरलेली असत.

"हा माउसचा प्लग ना? आहे की," म्हणत काळुरामने एक तयार तार पुढे केली.

चित्राताईंनी ती उलटीपालटी केली आणि परत दिली. "ही प्लॅस्टिक ओतून बंद केलेली आहे. मला मोकळ्या पाठीचा हवा. सोल्डर मारायचाय."

"ताई, आता सगळं बंद करूनच येतं. माणसाने आत बघू नये अशीच कंपन्यांची इच्छा."

"तुझी काय इच्छा आहे?"

काळुराम हसला आणि स्टुलावर चढला. वरच्या फळीवरचे डबे तो एकेक करून खाली देत गेला. चित्राताई काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यांतला माल चाळत राहिल्या. गिऱ्हाइके आली, त्यांना पाहून दुसऱ्या काउंटरला वळली. अखेर जॅकच्या टोप्यांखाली तो सापडला: सहा पिनांचा, मोकळ्या पाठीचा, टोपण वेगळे. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि आधी पाठच पाहिली. सहा इवल्या वाट्या, सोल्डर पडण्याची वाट पाहत असलेल्या.

"सुटलो," काळुराम म्हणाला. "नसता सापडला तर तुम्ही इथेच मुक्काम केला असता."

जोडणी घरच्या जेवणाच्या टेबलावर झाली. परशुरामांना टॉर्च धरायला बसवले होते.

"हात हलवू नका हो."

"हात नाही हलत. श्वास घेतोय. परवानगी आहे ना?"

"तोंड तिकडे करून घ्या."

वाट्या मोहरीपेक्षा जराशाच मोठ्या होत्या. चित्राताईंनी तारेचे टोक सोलले, पिळले, त्यावर सोल्डरचा पातळ हात फिरवला; मग रेखाचित्राकडे पाहून पिना मोजल्या आणि एकेक तार बसवली. सोल्डरचा थेंब चमकून मंद झाला की त्या मान हलवत. मल्टिमीटर लावून त्यांनी प्रत्येक तार तपासली. बोलण्याची तार, पीं. ऐकण्याची, पीं. जमिनीची, पीं. शेजारच्या दोन वाट्यांत कुठे चिकटाचिकट नाही ना, तेही पाहिले. हाताला गंज चढला नव्हता. परशुराम पाहत होते. कितीतरी वर्षांनी बायकोच्या कपाळावर ती जुनी एकाग्र आठी आली होती, आणि त्यांना ती आवडली.

दुसऱ्या दिवशी केबल खोक्याला लागली. सलिलने संगणकावर काळी खिडकी उघडली, कळ दाबली. काही नाही. परत दाबली. संवादाचा वेग बदलला, बोलण्याची आणि ऐकण्याची तार संगणकाच्या टोकाला अदलाबदल करून पाहिली, खोका बंद करून चालू केला. पंखे घोंघावले, दिवे लागले, काळी खिडकी काळीच राहिली.

"काकू, जोड कुठे सुटला असेल का?"

"माझा जोड सुटत नाही," चित्राताई म्हणाल्या, आणि हे त्या जरा जोरातच म्हणाल्या. मीटर पुन्हा लावले. मीटरने तीन वेळा पीं केले. मीटर त्यांच्या बाजूने होते, खोका विरुद्ध. "खोकाच मेला असेल तुझा."

सलिल संशयी स्वभावाचा, पुरावा मागणारा. त्याने खोका मेल्याचा पुरावा शोधला, मिळाला नाही. पण दुसरे काही सुचतही नव्हते. संध्याकाळी त्याने ठाण्याच्या तंत्रज्ञाला फोन लावला आणि निदान यंत्र तरी वापरात येईल, म्हणून सोमवारी यायला सांगितले. आतले सगळे पुसायला.

ही गोष्ट तुळसाला फोनवर सांगणे चित्राताईंना पटेना. त्या स्वतः गेल्या. खाडीकाठच्या त्या गावात आता चौमजली इमारती होत्या. पण तुळसाच्या घरापुढचे अंगण शेणाने सारवलेले होते. ओट्यावर हौसाबाई बसली होती: लुगड्याचा काष्टा, कपाळावर ठसठशीत कुंकू, एक हात मांडीत निपचित. अंगणात तुळसा तांदळाचा चौक भरण्याचा सराव करत होती. समोर नवरीच्या जागी पाट मांडलेला.

"बसा ताई. एवढा पुरा करतंय."

चित्राताई बसल्या. वाईट बातमी हातात धरून बसण्याची त्यांना सवय नव्हती. तुळसाने चौकाच्या कोपऱ्यात सुपारी ठेवली. ती पाटाकडे तोंड करून बसली होती आणि सुपारी तिने स्वतःच्या डाव्या हाताला ठेवली. हौसाबाईने समाधानाने मान डोलावली.

चित्राताईंना बोलायला काहीतरी निमित्त हवे होते. "सुपारी उजवीकडे ठेवतात ना? देवाचं सगळं उजवीकडे."

"उजवीकरंच ठेवली. नवरीच्या उजवीकरं." तुळसाने पाटाकडे बोट केले. "मी समोर बसतंय. माझा उजवा हात कोन इचारतंय?"

"आणि हे कुणी कागदावर काढून ठेवलं तर? वाचणाऱ्याला कसं कळायचं, कुणाची उजवी?"

"कागदावर कशाला काढाचा? सगल्यांना ठाव हाय."

चित्राताई पाटाकडून सुपारीकडे, सुपारीकडून पाटाकडे पाहू लागल्या. वागळे इस्टेटमधल्या भिंतीवरची रेखाचित्रे त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांच्या जुन्या सुपरवायझरची ती रीत होती: प्लगचे चित्र नेहमी पाठीकडून काढायचे, कारण बायकांना पाठ दिसते. चित्रावर तसे कधी लिहिलेले नसे. लिहायचे कशाला, सगळ्यांना ठाऊक होते. आणि सलिलने आणलेले चित्र? ते काढणारा कुठल्या बाकावर बसला होता? त्याने प्लगचे तोंड पाहून काढले असेल, तर त्याची डावी पिन पाठीकडून उजवी. मीटर बिचारे काय करणार! ज्या पिनेला चित्राताईंनी तीन म्हटले, तिला त्यानेही तीन म्हटले.

"अगं बाई," त्या उठल्या. "तुळसा, मी आले तशी जाते."

"च्या त घ्या! न् काय सांगाला आलतात?"

"सांगायला आले होते ते आता सांगत नाही."

ओट्यावरून हौसाबाई जड जिभेने काहीतरी बोलली. तुळसाने उलगडून सांगितले: "सासूबाय बोलते, बाय गरबरलेली दिसते."

सोल्डर उतरवणे हे मारण्याहून नाजूक काम. पातळ वाट्या तापल्या की मधले प्लॅस्टिक वितळू पाहते. चित्राताईंनी आयर्न क्षणभर टेकवावे, उचलावे, फुंकर घालावी, पुन्हा टेकवावे, असे करत तिन्ही तारा सोडवल्या. या वेळी त्यांनी प्लगचे तोंड स्वतःकडे केले, चित्राशी ताडून पाहिले, प्रत्येक पिनेवर मार्करने ठिपका दिला आणि मगच प्लग फिरवला. परशुराम टॉर्च धरून होते.

"चूक कुणाची निघाली?" त्यांनी विचारले.

"माझी."

"जोड सुटला होता?"

"छे! जोड पक्का होता. चुकीच्या जागी पक्का होता."

यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते; परशुरामांनी टॉर्च जरा जवळ आणला. बत्तीस पावसाळ्यांच्या संसारात एवढे शहाणपण त्यांना आले होते.

शनिवारी सकाळी केबल पुन्हा खोक्याला लागली. सलिलने कळ दाबली. काळ्या खिडकीवर प्रश्नचिन्हे, चौकोन आणि कसलीशी वेडीवाकडी अक्षरे सांडली.

"काकू, कचरा आला!" तो खुर्चीतून उठलाच. "कचरा!"

"मग हसतोस काय?"

"अहो, कचरा म्हणजे बोलतोय तो! वेग जुळत नाही, एवढंच." त्याने वेग बदलला, पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला कचऱ्याच्या जागी सरळ, वाचता येणारी ओळ उमटली. खोक्याने आपले नाव सांगितले आणि पासवर्ड बदलायचा आहे का, असे विचारले.

सलिलने लगेच उत्तर दिले नाही. प्रत्येक ओळ त्याने दोनदा वाचली, यामुळे साठवणीला धक्का लागत नाही याची खात्री केली, मगच कळ दाबली. थोड्या वेळाने मुद्रणांची यादी संगणकावर आली. चित्राताईंनी स्वतःचे नाव पाहिले, त्यावरून नजर खाली नेली आणि हौसाबाईच्या नावावर बोट ठेवले. सलिलने आधी ठाण्याच्या तंत्रज्ञाला फोन करून सोमवारची भेट रद्द केली. मग सगळे मुद्रण दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावले. ती डिस्क दुसऱ्या घरी राहील, असे त्याने चित्राताईंच्या देखतच ठरवले. घर अर्थातच तांब्यांचे.

धवला ऐकायला ते दोघे दुपारी तुळसाच्या अंगणात गेले. सलिलने लहान स्पीकर ओट्यावर ठेवला. आवाज आला तो खणखणीत, भरून वाहणारा. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. तुळसा डोळे मिटून ऐकू लागली. तिला येत होता तो भाग ओठांनी पुटपुटत गेली, आणि जिथे तिची वाट संपत होती तिथे थांबली. आवाज मात्र थांबला नाही. मधला सारा भाग, वळण घेत, नवरीला एकेका नातलगाच्या दारी नेत, पुढे सरकत राहिला. तुळसाने पदराचे टोक मुठीत धरले होते.

हौसाबाई स्वतःचाच आवाज ऐकत होती. तिचा बरा हात मांडीवर ताल देत होता. एका ठिकाणी तो थांबला. तिने नाक मुरडले आणि जड जिभेने, पण अगदी स्पष्ट, एकच शब्द म्हटला:

"घाई."

सलिलने मुद्रण थांबवले. "काय म्हणाल्या?"

तुळसा हसू लागली. "बोलते, घाई केली. इथं हलू घ्यावा. तुमी त्या दिशी मायक घेऊन बसलावता, म्हनून सासूबाय घाबरून पलाली."

हौसाबाईने मान हलवली आणि हात पुन्हा वर उचलला. या वेळी तिने ताल आधीच्या निम्म्या गतीने धरला आणि सुनेकडे पाहिले. स्पीकर बंदच राहिला. तुळसाने घसा खाकरला, सासूच्या हाताकडे नजर ठेवली, आणि मधला भाग पहिल्यांदाच, मुद्रणापेक्षा सावकाश, गाऊ लागली. दोन ओळींनंतर ती चुकली. म्हातारीने हात थांबवला, मागे नेला, आणि तिथूनच पुन्हा सुरू केला.